उष्टी सायकल

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणून एक सायकल राहायची आणि ती माझ्या आधीपासूनची होती. ह्यांनी ती खडकीच्या फॅक्टरीतल्या पहिल्या पगारातून घेतली, मी नंतर लग्न होऊन आले. त्यामुळे घरात ज्येष्ठ कोण, हा प्रश्न कधी निघालाच नाही. काळी, उंच, मधे दांडा आणि मागे गव्हाचं पोतं बसेल एवढं कॅरिअर. क्वार्टर सोडून आम्ही बोपोडीला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा मला वाटलं, चला, आता ही खाली पार्किंगमध्ये राहील. कसलं काय! हे तिला रोज खांद्यावर घालून वर आणायचे आणि गॅलरीत उभी करायचे. माझ्या मोगऱ्याच्या कुंड्या जिन्यात गेल्या. मुलीलासुद्धा त्या सायकलला कधी हात लावू दिला नाही. ती सायकल शिकली ती भाड्याच्या सायकलवर, घरात धडधाकट सायकल आणि धडधाकट बाप असताना.

गेल्या उन्हाळ्यात ह्याच मुलीने आमच्यासाठी एक उद्योग काढला. ती खराडीला कंपनीत आहे. तिथल्या पोरापोरींचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. ते दरवर्षी मे महिन्यात पाटणच्या बाजूला एका डोंगरातल्या गावी जातात, तिथे सगळे मिळून सायकल चालवतात आणि लांबच्या शाळेत पायी जाणाऱ्या मुलींना सायकली देतात. एका माणसाने एक सायकल द्यायची. मुलीने बाबांचं नाव परस्पर देऊन टाकलं आणि एक नवी कोरी, जांभळी, पुढे टोपली असलेली सायकल घरी पाठवली.

"बाबा, ही दोन-तीनदा चालवून बघा, सवय होऊ दे," तिने फोनवर सांगितलं.

ह्यांनी फोनवर "हो हो" केलं आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "डोकं आहे का हिला? त्या पोरीला द्यायची वस्तू मी आधी चालवू? उष्टी करून देऊ?"

मला ते पटलं, हे मी इथे स्पष्ट सांगते. आमच्याकडे कुणाला साडी नेसवायची तर घडी मोडलेली देत नाहीत. पाहुण्यांसाठी आणलेल्या आंब्यांच्या पेटीला आधी हात लावत नाहीत. मग सायकल तरी आपण आधी वापरून कशी द्यायची? जांभळी सायकल प्लॅस्टिकसकट बेडरूममध्ये उभी राहिली. चालवायला ह्यांची होतीच. नवी सायकल मुलगी तिच्या ऑफिसच्या बसमधून गावाला पोचवेल, असं ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आणि आमच्या ह्यांनी एकदा मनाशी ठरवलं की ते सगळ्यांना कळलेलंच असतं.

निघायच्या दिवशी मुलीचा फोन आला. तिला ऐन वेळी कामात अडकवलं होतं, ती येणार नव्हती. ती नसली तरी बसवाला उद्या जांभळी सायकल आणेल, असं ह्यांनी लगेच मनाशी ठरवलं आणि घराची किल्ली शेजारी दिली.

"आई, सायकल घेतली ना?"

"घेतली बाई, वर बांधली पण," मी म्हणाले. गाडीच्या टपावर तेव्हा काळी सायकल माझ्या दोन जुन्या साड्यांनी आणि ह्यांच्या फॅक्टरीतल्या गाठींनी जखडलेली होती.

गाडी मी चालवते. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर सगळ्यांचा विरोध पत्करून शिकले. हे शिकले नाहीत. त्यांचा आयुष्यभराचा अनुभव सायकलचा, आणि त्या अनुभवावर ते माझ्या शेजारी बसून मला मार्गदर्शन करतात. मी इंडिकेटर दिला तरी डावीकडे वळताना हे खिडकीतून अख्खा हात बाहेर काढणार. इंडिकेटरवर त्यांचा विश्वास नाही. "दिवा काय, कुणीही लावतं," म्हणतात. कात्रजच्या बोगद्याआधी एका ट्रकवाल्याला वाटलं, हे त्याला थांबवतायत. तो बिचारा खरंच थांबला. त्याच्या मागचे सगळे थांबले. मग जे काही ऐकून घ्यावं लागलं ते मला, कारण स्टिअरिंगवर मी होते.

ऊन असं की डॅशबोर्डवर पापड भाजले असते. ए.सी. लावला तर हे म्हणणार, "चढाला गाडीला त्रास होतो." बंद केला तर म्हणणार, "काय उकडतंय!" खंबाटकीच्या घाटात ह्यांनी मला तीनदा गाडी बाजूला घ्यायला लावली. का, तर वर सायकलचं हँडल हललं. प्रत्येक वेळी खाली उतरून गाठी तपासायच्या, सीटवरून हात फिरवायचा आणि परत येऊन म्हणायचं, "ठीक आहे." मला घाटात चढाला गाडी परत सुरू करताना घाम फुटला होता, त्याचं काही नाही.

घाट उतरल्यावर आम्ही एका हॉटेलात मिसळ खायला थांबलो. मालक चकाचक शर्टातला, बाहेर येऊन टपाकडे बघायला लागला.

"काका, सायकल विकणार का? वरून टांगायची हो, काउंटरच्या वर. लोक फोटो काढतात."

हे तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "टांगायची?"

"हो. जुन्या वस्तूंना आता फार डिमांड आहे."

"मग तुम्ही स्वतःच लटका," हे म्हणाले. "तुम्हीही काही नवे दिसत नाही."

मिसळ अर्धी टाकून आम्हाला निघावं लागलं. पुढच्या रस्त्यात एक कलिंगडाचा ढीग दिसला म्हणून माझ्या पोटात काहीतरी पडलं.

दुपारी चारच्या सुमारास गावात पोचलो. शाळेला सुट्टी होती, पण पटांगणात मांडव घातला होता आणि कंपनीतली पोरंपोरी चटपटीत कपड्यांत सरबत पीत होती. आम्ही सायकल खाली उतरवतोय तोवर एक मुलगी येऊन उभी राहिली. तेरा-चौदा वर्षांची, किरकोळ अंगाची, दोन वेण्या, कपाळावर घाम. तिच्या हातात चिठ्ठी होती. कुणाची सायकल कुणाला, ते आधीच ठरलेलं होतं, आणि तिच्या चिठ्ठीवर आमच्या ह्यांचं नाव होतं.

तिने सायकलभोवती एक फेरी मारली. खाली वाकून चेन बघितली. मग कॅरिअर हाताने दाबून पाहिलं.

ह्या सायकलला परवानगीशिवाय हात लावणाऱ्याचं काय होतं, ते मला माहीत आहे. पण ह्यांनी तिला बघू दिलं.

"ही माझी व्हय?" तिने विचारलं.

"नाही गं बाळा," हे म्हणाले. "तुझी नवी आहे. येतीय."

"कवा?"

"उद्या."

"उद्या सगळ्यांच्या संगं? का मागनं?" ती एवढी रोखून बघत होती की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "मागल्या साली बी एक सायब म्हनले हुते मागनं येतीय. आली न्हाय. आता नववीची शाळा लई लांब हाय. आई म्हनती सायकल दिसली तर नववी, न्हायतर बास झालं शिक्षान."

"सगळ्यांच्या संगं," हे म्हणाले. "शब्द दिला."

आमचे हे शब्द सहसा देत नाहीत. लग्नात मला दिलेला एक सोडला तर मला दुसरा आठवत नाही.

मग मांडवात ग्रुपचा म्होरक्या उभा राहिला. दाढीवाला, गोड पोरगा. उद्याचा रस्ता त्याने समजावला आणि शेवटी म्हणाला, "सगळ्यांना माहीतच आहे, पण परत सांगतो. ज्या सायकलवर तुम्ही उद्या येणार, तीच खाली उतरून मुलीच्या हातात द्यायची. आधी स्वतः चालवून द्यायची, हीच तर आपली गंमत आहे. सायकल नीट चालते, हे आपणच दाखवून द्यायचं."

ह्यांच्या हातातलं सरबत तोंडापाशीच थांबलं. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांकडे नव्या, टोपलीवाल्या सायकली होत्या, मातीने थोड्या थोड्या माखलेल्या. एवढा वेळ माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. अख्ख्या ग्रुपात उष्ट्या-बिष्ट्याचा विचार करणारे आम्ही दोघंच निघालो.

म्होरक्याला बाजूला घेऊन सांगितलं तर तो हसत म्हणाला, "काहीच प्रॉब्लेम नाही काका, पुढच्या आठवड्यात पाठवून द्या."

"पुढच्या आठवड्यात नाही," हे म्हणाले. "उद्या. सगळ्यांच्या संगं."

मी मुलीला फोन लावला. सगळं ऐकून ती जे बोलली ते इंग्रजीत होतं आणि बरंच लांबलचक होतं. पण पोरगी कामाची. बुधवार पेठेत एका दुकानदाराशी तिची ओळख आहे, तिचे सगळे चार्जर आणि केबली तिथल्याच. त्याच्याकडून सकाळी एक टेम्पो कूलर, मिक्सर, टीव्ही असलं लग्नाचं सामान घेऊन आमच्याच बाजूला एका लग्नघरी निघणार होता. त्यात घरची जांभळी सायकल टाकायची. टेम्पो दुपारपर्यंत गावात.

"दुपारपर्यंत?" मी म्हटलं. "अगं, ही पोरं सकाळी सहाला निघून नऊला परत येणार!"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "टेम्पोवाल्याला म्हणावं, निवांत ये. सगळ्यात शेवटचा सायकलवाला आल्याशिवाय वाटप होत नाही ना? मग शेवटचा मी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फॅक्टरीच्या स्पोर्ट्समध्ये हळू सायकल चालवायची स्पर्धा असायची. पाय न टेकवता जो शेवटी पोचेल, तो पहिला. ह्या स्पर्धेत आमच्या ह्यांना कुणी हरवू शकत नसे. लोक म्हणायचे, हा माणूस सायकलवर बसून जेवण करून येईल.

सकाळी सगळे निघाले. पोरं भुर्र झाली. हे निघाले ते असे, की शेजारून चाललेली एक म्हैस त्यांना मागे टाकून गेली. मी गाडीतून त्यांच्या मागे, कानाला फोन. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, पण एवढे कॉल मी एका सकाळी कधी जोडले नव्हते.

पहिल्या चढावर ग्रुपची दोन पोरं मागे वळून आली. "काका, यू कॅन डू इट!" त्यांनी ह्यांना केळं दिलं. पुढे एकीने लिंबूपाणी दिलं. मग गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला एक तरुण डॉक्टर मोटरसायकलवरून आला.

"काका, छातीत काही होतंय का?"

"मला काहीही होत नाहीये. मी हळू चालवतोय."

"अगदी बरोबर. हळूच चालवा. श्वास घ्या."

"श्वास चालूच आहे!" हे ओरडले. डॉक्टरने माझ्याकडे बघून मान हलवली, पेशंट चिडचिड करतोय अशा अर्थाने. थोड्या वेळाने गावातली माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. एक आजीबाई ओवाळायला ताट घेऊन आल्या. हे लाजून लाल झाले. इतकं कौतुक त्यांना रिटायरमेंटच्या दिवशीही मिळालं नव्हतं, आणि आता मिळत होतं ते सायकल मुद्दाम रडतखडत चालवण्याबद्दल!

तेवढ्यात मुलीचा फोन. "आई, एक लोचा झालाय."

टेम्पो लग्नघरी पोचला होता. तिथल्या उत्साही मंडळींनी कूलर, मिक्सर आणि टीव्हीबरोबर आमची सायकलही उतरवून घेतली. टोपलीला लाल रिबन बघून कुणालाही तसंच वाटलं असतं. सायकल रुखवतात मांडली गेली. तिला हळदीकुंकू लागलं, हार पडला, नवरीने तिच्याबरोबर फोटोही काढला. टेम्पोवाला ती परत मागायला गेला तर नवरीकडचे म्हणाले, "आहेर परत मागता? शोभतं का?"

मी खिडकीतून ह्यांना सांगितलं. हे सायकलवरून उतरले नाहीत, उतरले असते तर पाय टेकला असता. पण चेहरा असा झाला की मी तो आधी एकदाच बघितला होता, क्वार्टरची किल्ली परत करताना.

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही हो."

"मग अजून हळू," हे म्हणाले, आणि खरंच अजून हळू झाले. त्याहून हळू म्हणजे काय, ते मला आजही सांगता येणार नाही.

पण रस्ता कधीतरी संपतोच. बाकीचे नऊच्या आत पोचले होते, हे साडेअकराला पोचले. उन्हाने माणसं मांडवात पार सुकून गेली होती. मुलींची ओळ लागलेली. चिठ्ठीवाली मुलगी ओळीत शेवटी, तिच्या मागे तिची आई, पदर तोंडाला लावून. ह्यांच्या अंगाला घामाने शर्ट चिकटलेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. टेम्पो नव्हता.

एकेकाने सायकल द्यायला सुरुवात केली. हे सायकल धरून उभे. मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "अहो, तिला मी सांगते. संध्याकाळपर्यंत येईलच."

"नको," हे म्हणाले.

ते पुढे गेले. खिशातून पाना काढला आणि सीट जितकी खाली जाईल तितकी खाली केली. बोल्ट दोनदा निसटला. मग हँडल त्या पोरीच्या हातात दिलं.

"ही तुझी. उंच आहे, पण तू वाढशील. जुनी आहे, पण मेली तरी तुला रस्त्यात सोडणार नाही."

मला तिथे रडू फुटलं, खोटं कशाला बोलू? तेवढी वर्षं त्या सायकलचा राग राग केला होता, आणि आता मला वाटत होतं की ओरडून सांगावं, अहो, देऊ नका.

पोरगी सायकलवर चढली नाहीच. दांड्याखालून एक पाय घालून, तिरकी लोंबकळून तिने पटांगणाला एक चक्कर मारली. मग थांबून आईला कॅरिअरवर बसवलं आणि दुसरी चक्कर मारली. सगळे हसत होते, आईसुद्धा, पदरातून.

आणि मग गेटातून हॉर्न वाजवत टेम्पो आला. जांभळी सायकल, हँडलला हळदीकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. नवरीकडच्यांचं समाधान करायला टेम्पोवाल्याने म्हणे स्वतःच्या खिशातून त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. आमच्याकडे हळदीकुंकवाची पद्धत नाही, पण ते बघून मला त्या टेम्पोवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं. हे तर धावलेच. ह्या वयात मी त्यांना धावताना बघितलं नव्हतं. नवी सायकल ढकलत ते पोरीकडे आले. तोंडावर असा आनंद की लपवताही येईना.

"हे बघ! आली तुझी. नवी कोरी. दे ती इकडे."

पोरीने जांभळ्या सायकलकडे नीट बघितलं. टोपली बघितली. मागे हात लावून बघितला.

"हिला कॅरिअर न्हाय," ती म्हणाली. "आई कुठं बसनार?"

"अगं, पण नवी आहे ही!"

"व्हय. पन ही दिली न्हवं मला? दिलेलं परत घ्यायाचं आसतं व्हय?"

हे उभे राहिले. एक हात जांभळ्या हँडलवर, दुसरा मोकळाच. मी मनात म्हटलं, आता काहीतरी खोचक बोलणार. पुणेरी माणूस आहे, गप्प कसा बसेल?

"नाही," हे म्हणाले. "परत नसतं घ्यायचं."

ओळीत नाव नसलेली एक मुलगी मांडवाच्या कडेला उभी होती, नुसतं बघायला आलेली. जांभळी सायकल शाळेच्या बाईंनी तिला दिली. ती एवढ्या जोरात किंचाळली की कोंबड्या उडाल्या.

परत निघालो. टपावर नुसत्या माझ्या दोन साड्या फडफडत होत्या. हे काही बोलेनात. मी ए.सी. लावला, बोलले नाहीत. बंद केला, बोलले नाहीत. मला ते सहन होईना. "अहो, काहीतरी बोला. मला शिव्या तरी घाला," मी म्हणाले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर, एकदम म्हणाले, "गाडी वळव."

"आता काय?"

"उतारावर उलटं पायडल मारलं की तिची चेन पडते. सांगायचं राहिलं. आई मागे बसलेली असेल, पडेल ती बाई."

मी कपाळावर हात मारला आणि गाडी वळवली. दुसरं काय करणार? ऊन तसंच, रस्ता तोच. गावाच्या अलीकडच्या उतारावर त्या दोघी समोरूनच येताना दिसल्या. पोरगी दांड्याखालून पाय घालून, आई मागे, मांडीवर पिठाचा डबा. मी गाडी झाडाखाली उभी केली. हे दार उघडून उतरणार, तेवढ्यात चेन पडली.

पोरगी थांबली. आईला उतरवलं. खाली बसली, दोन बोटांनी चेन उचलली, दात्यावर अडकवली आणि पायडल एकदा फिरवलं. बसली चेन. हात गवताला पुसले, आईला बसवलं आणि आमच्या गाडीकडे न बघता दोघी निघून गेल्या.

ह्यांनी दार लावून घेतलं. डोळे भरले होते, पुसले नाहीत.

"चल," ते म्हणाले. "मला ती एवढ्या लवकर कधीच बसवता आली नाही."